सहा रात्रींचं आइसलंड: गोल मारू नका, लांबचं टोक आधी गाठा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज असेल तर इथेच कळेल. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मुलुंडहून चौघं निघणार: तुम्ही, तुमचे मिस्टर, नऊ वर्षांचा मुलगा आणि सदुसष्ट वर्षांच्या सासूबाई, ज्यांचा एक गुडघा जिन्यावर कुरकुरतो. आइसलंडमध्ये सहा रात्री, गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवायची. देशाभोवती फिरणाऱ्या रिंग रोडचा पूर्ण गोल तेवढ्यात होईल का, फोर-व्हील ड्राइव्ह लागेल का, आणि नॉर्दर्न लाइट्स आणि ज्वालामुखी दिसतील का, असं तुम्ही विचारलंय.

उत्तरं त्याच क्रमाने: होईल, पण करू नका. लागणार नाही. लाइट्स दिसणार नाहीत. ज्वालामुखीचं कुणालाच सांगता येत नाही.

पार्ल्यातल्या एका छोट्या ऑफिसातून गेली चौदा वर्षं मी अशाच कुटुंबांच्या सेल्फ-ड्राइव्ह सहली आखून देते. आइसलंडला स्वतः नऊदा गेले आहे. दर वेळी आपल्याकडची मंडळी नकाशा पुढे ठेवून एकच प्रश्न विचारतात: "एवढ्या दिवसांत काय काय बसेल?" माझ्या मते खरा प्रश्न दुसरा आहे. एखादा अख्खा दिवस वाऱ्यापावसात वाया गेला, तर तुमची आखणी तो सोसेल का? आइसलंडमध्ये असा दिवस येतोच. मे महिन्यात कमी, ऑक्टोबरमध्ये जास्त, एवढाच फरक.

रिंग रोड साधारण १३०० किलोमीटरचा आहे, म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षा थोडा कमी. सहाने भागलं की दिवसाला सव्वादोनशे किलोमीटर येतात, सातारासुद्धा त्यापेक्षा लांब. यात काय कठीण, असं कुणालाही वाटेल. पण पहिला दिवस विमानतळ, गाडीचे कागद आणि झोपेत जातो, शेवटचा परतीच्या विमानाच्या घड्याळाकडे बघण्यात. उरलेल्या पाच दिवसांत दर दहा मिनिटांनी कुणीतरी "थांब, थांब, फोटो!" म्हणणार. मॅपवर तीन तास दिसले की मी साडेचार धरते आणि जेवणाचा वेळ वेगळा.

तरीही माझा मुख्य आक्षेप थकव्याला नाही. गोल मारताना चौथ्या दिवशी तुम्ही उत्तरेला किंवा पूर्वेला असता, विमानतळापासून सर्वांत लांब. तिथे वाऱ्यामुळे रस्ता बंद झाला तर पुढे जायलाही तेवढंच अंतर आणि मागे यायलाही तेवढंच. म्हणून माझ्या ऑफिसात एक नियम ठरलेला आहे: दिवस कमी असले की एकाच किनाऱ्याने जा, लांबचं टोक आधी गाठा आणि मग रमतगमत विमानतळाकडे सरकत या. असं केलं की दर दिवसागणिक तुमचा धोका कमी होतो. एखादा दिवस गेलाच, तर अलीकडची एकदोन ठिकाणं सोडायची, विमान सुटत नाही.

"म्हणजे तोच रस्ता दोनदा?" हे सगळेच विचारतात. हो, तोच. पण एकदा मी दक्षिण किनाऱ्यावरच्या स्काफ्ताफेलला जाताना उजवीकडे समुद्र आणि डावीकडे नुसता राखाडी पडदा होता. दोन दिवसांनी त्याच रस्त्याने परतताना पडदा उठलेला, आणि आइसलंडचं सर्वांत उंच शिखर, २११० मीटरचं, अगदी रस्त्यालगत उभं! जाताना आम्ही त्याच्या पायथ्याशी बसून सँडविच खाल्लं होतं आणि पत्ताच नव्हता.

तर तुमच्यासाठी मी असं आखेन. पहिल्या दिवशी केफ्लाविक विमानतळावर उतरून पन्नास किलोमीटरवरच्या राजधानी रेक्याविकपर्यंतच जा. तिथलं घड्याळ वर्षभर आपल्या साडेपाच तास मागे असतं. तुम्ही संध्याकाळी सहाला स्टिअरिंगवर असाल तेव्हा शरीराच्या हिशेबाने मुलुंडमधले रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात, बाहेर मात्र लख्ख ऊन. हे ऊन फसवतं. डोळे टक्क उघडे असतात आणि डोकं झोपलेलं. त्या दिवशी पुढे जायचा मोह टाळा.

दुसऱ्या दिवशी विक गावापर्यंत, १८७ किलोमीटर. वाटेत सेल्यालांड्सफॉस आणि स्कोगाफॉस हे साठ-साठ मीटरचे धबधबे. (फॉस म्हणजे धबधबा, योकुल म्हणजे हिमनदी, विक म्हणजे खाडी, लोन म्हणजे खाजण. एवढे चार शब्द पाठ केले की पाट्या वाचताना मुलाला मजा येते.) तिसऱ्या दिवशी विकहून योकुल्सार्लोनपर्यंत, १९५ किलोमीटर, आणि त्याच परिसरात सलग दोन रात्री. हे तुमचं टोक. रेक्याविकपासून ते सुमारे पावणेचारशे किलोमीटर पडतं, आपल्या मुंबई-कोल्हापूरएवढं. चौथा दिवस मुद्दाम रिकामा ठेवा. पाचव्या दिवशी मागे फिरून ह्वोल्स्वोल्लुरच्या आसपास मुक्काम. सहाव्या दिवशी थिंगवेल्लिर, गेइसिर, गुल्फॉस करून पुन्हा रेक्याविक. सातव्या दिवशी विमान.

या आखणीत मी सर्वांत जास्त वेळ तिसऱ्या-चौथ्या दिवसाला देते, कारण आग आणि बर्फ एकाच जागी बघायचं असेल तर ते विकच्या पुढेच. आधी लागतं एल्डह्रॉइन, १७८३ साली लाकी भेगेतून आठ महिने वाहिलेल्या लाव्ह्याचं मैदान. रस्ता कितीतरी वेळ त्यातूनच जातो. वर राखी-हिरव्या शेवाळाची जाड गादी आहे, गोधडी पांघरल्यासारखी. लाव्ह्याबरोबर निघालेल्या विषारी वायूने गुरं मेली, मग दुष्काळ पडला आणि देशातली पाचातली एकाहून जास्त माणसं गेली. त्या शेवाळावर पाऊल टाकू नका, मुलालाही टाकू देऊ नका. उमटलेला ठसा बुजायला दशकं लागतात.

मग येतो स्केइदारार्सांदुर, काळ्या वाळूचा आणि गोट्यांचा अफाट पसारा. इथे वात्नायोकुल समजून घ्या. तो जवळजवळ आठ हजार चौरस किलोमीटरचा बर्फाचा थर आहे, आइसलंडच्या सुमारे आठ टक्के भूभागावर पसरलेला, आणि त्याच्या पोटात जिवंत ज्वालामुखी आहेत. खाली उष्णता, वर बर्फ, मध्ये वितळलेलं पाणी साठत जातं आणि एक दिवस बर्फाची कड उचलून बाहेर पडतं. १९९६ च्या सप्टेंबरअखेर बर्फाखाली उद्रेक झाला. पाणी महिनाभर ग्रिम्सवोत्न या बर्फाखालच्या तळ्यात जमत राहिलं आणि ५ नोव्हेंबरला फुटलं. घराएवढे हिमखंड त्या लोंढ्यातून आले, पूल गेले. रस्ता आधीच बंद केला होता, म्हणून जीव गेले नाहीत. त्या पुलाचे पिळवटलेले लोखंडी गर्डर स्काफ्ताफेलच्या अलीकडे रस्त्याकडेला ठेवलेत. तिथे गाडी थांबवाच. तुमचा मुलगा जो "ज्वालामुखी दाखव" म्हणून मागे लागलाय, त्याला मी हा गर्डर दाखवेन. गंमत म्हणजे रिंग रोडचा गोल पूर्ण झाला तो याच वाळवंटावर पूल बांधून, १९७४ साली. तोपर्यंत इथल्या नद्यांनी तो अडवून धरला होता.

योकुल्सार्लोन म्हणजे हिमनदी मागे सरकताना तिने खोदलेल्या खळग्यात साठलेलं खाजण. १९३० च्या दशकाआधी ते नव्हतंच. आता ते २०० मीटरहून खोल आहे आणि त्यात निळे, पांढरे, राखेचे काळे पट्टे असलेले हिमखंड तरंगत असतात. सासूबाईंसाठी हे सर्वांत सोयीचं ठिकाण: पार्किंगपासून चार पावलांवर पाणी, आणि रस्त्यापलीकडच्या काळ्या वाळूवर बर्फाचे तुकडे येऊन पडलेले. सील दिसले तर पोराचा दिवस सार्थकी.

हिमनदीवर चालायचं असेल तर गाइड आणि क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे लोखंडी दाते) घेऊनच. वयाची अट कंपनीगणिक आठ ते दहा वर्षांची असते, त्यामुळे बुकिंगआधी नऊ वर्षांचा मुलगा आहे हे विचारून घ्या. सासूबाई आणि तुमच्यापैकी एक जण स्काफ्ताफेलच्या कॅफेत थांबा. निळ्या बर्फगुहांचे फोटो तुम्ही पाठवलेत, पण त्या नैसर्गिक गुहा हिवाळ्यातल्या आहेत. उन्हाळ्यात बर्फ ढिला असतो. ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रेइदामेर्कुर हिमनदीवर बर्फ कोसळून एक पर्यटक दगावला. मे-अखेरीस कुणी बर्फगुहा विकत असेल तर मी ती घेणार नाही. मुलाचा हट्टच असेल तर रेक्याविकच्या पेर्लान संग्रहालयात बनवलेली बर्फगुहा आहे, ती दाखवा.

आता गाडी. मे-अखेरीस डोंगराळ भागातले एफ-रोड, म्हणजे फोर-व्हील लागणारे कच्चे रस्ते, बंदच असतात, ते साधारण जूनच्या शेवटी उघडायला लागतात. तुमचा सगळा मार्ग डांबरी आहे. फोर-व्हीलचे पैसे वाचवा आणि ते ऑटोमॅटिकवर आणि मोठ्या डिकीवर घाला. चौघांच्या चार मोठ्या बॅगा छोट्या गाडीत बसत नाहीत, हे विमानतळावरच्या पार्किंगमध्ये कळलं की फार उशीर झालेला असतो. गाडी उंचपेक्षा बुटकी, लांब घ्या. उंच गाडी वाऱ्याला जास्त अंग देते. मुलाची उंची १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर बूस्टर सीट सक्तीची आहे, तीही बुकिंगमध्येच मागा.

ऑटोमॅटिक का, तर तिथे गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालते आणि ड्रायव्हर डावीकडे बसतो. इंडिकेटरची दांडीसुद्धा आपल्या उलट बाजूला. पहिल्या दिवशी प्रत्येक वळणावर तुमचे वायपर सुरू होणार, त्याची लाज वाटून घेऊ नका. त्यात गिअरची भर नको. दोन-पदरी गोल चौकात आतल्या पदरातल्या गाडीला पहिला हक्क असतो, हे मात्र नीट लक्षात ठेवा. आपल्याकडे असा नियमच नाही, आणि असता तरी कुणी पाळला असता कोण जाणे. दक्षिणेला एकपदरी पूलही लागतात. साधारणपणे जो पुलाजवळ आधी पोचतो तो आधी जातो, पण शंका आली की थांबा. वेगमर्यादा डांबरी रस्त्यावर ताशी ९०, खडीवर ८०, गावात ५०. एक्सप्रेसवेच्या शंभरची सवय असलेल्या पायाला नव्वद कंटाळवाणं वाटतं, पण कॅमेरे आहेत आणि दंड जबर. दिवे चोवीस तास चालू ठेवायचे. रस्ता सोडून मोकळ्या माळावर गाडी घालणं गुन्हा आहे, फोटोसाठीसुद्धा.

आणि वारा. आपण पावसाला घाबरतो, तिथे वाऱ्याला घाबरायचं. २०१७ साली स्कोगारजवळ मी गाडी वाऱ्याकडे पाठ करून लावली आणि निष्काळजीपणे दार उघडलं. दार हातातून सुटलं, बिजागरीच्या उलट वाकलं आणि पुन्हा बंदच होईना. विमा सगळा घेतला होता, पण वाऱ्याने मोडलेलं दार त्यात नव्हतं. भाड्याच्या कंपनीने कागदावर बोट ठेवून दाखवलं, आणि ते खरंच तिथे लिहिलेलं होतं. न वाचल्याची किंमत मी मोजली. तेव्हापासून गाडी नेहमी वाऱ्याकडे तोंड करून लावते, म्हणजे वारा दार ढकलून बंद करतो, ओढून उघडत नाही. उतरताना एक हात दाराच्या कडेवर. तुमच्या घरी हे मुलाला आधी शिकवा, मागचं दार तोच उघडणार आहे. विम्यात खडीने फुटणारी काच आणि उडणारी वाळू-राख या दोन गोष्टी वेगळ्या घ्याव्या लागतात. विकच्या पुढे काळ्या वाळूची वादळं गाडीचा रंग खरवडून काढतात, म्हणून या मार्गासाठी मी दोन्ही घ्यायला सांगते.

रोज सकाळी चहाबरोबर तीन गोष्टी बघायच्या: हवामान खात्याचे इशारे, रस्ते विभागाचा नकाशा आणि सेफट्रॅव्हल या प्रवासी-सुरक्षेच्या वेबसाइटची सूचना. तिथे वारा सेकंदाला मीटरमध्ये सांगतात. पंधरापर्यंत मी चालवते. पंधरा ते वीस असेल तर थांबून बघते. वीस म्हणजे ताशी बहात्तर किलोमीटर, आणि झोत त्याहून जोराचे. तेव्हा हॉटेलमध्ये पत्ते काढते. हा माझा आकडा आहे, तुमचा हात नवा असेल तर अजून कमी धरा.

रेनिसफ्यारा हा विकजवळचा काळा किनारा वेगळा सांगते, कारण मुंबईकराला समुद्र कळतो असा मुंबईकराचा समज असतो. वरळी सी-फेसवर भरतीची लाट येताना दिसते, आवाज देते. इथे पाच-सात लाटा शांत येतात आणि आठवी अचानक तीस-चाळीस पावलं आत येऊन पाय ओढून नेते. माणसं गेलीत, मुलंही. तिथे सूचनेचा दिवा आहे. लाल असेल तर वाळूवर उतरायचंच नाही. बाकी वेळीही मुलाचा हात सोडायचा नाही आणि समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. बेसॉल्टचे षटकोनी खांब वरूनही दिसतात. आणि खांबांचंच म्हणाल तर निघण्याआधी एका रविवारी मुलाला अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला नेऊन आणा. तो साठेक मीटरचा काळा सुळका म्हणजे तसेच बेसॉल्टचे खांब आहेत, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. आपला सह्याद्री ज्या लाव्ह्याने बनला, तसलाच लाव्हा तिकडे आज ताजा आहे. माझ्याबरोबर आलेल्या एका पोराने रेनिसफ्याराला उतरल्या उतरल्या "हे तर अंधेरी!" म्हटलं होतं.

लाइट्स का नाहीत, तर मे-अखेरीस सूर्य रात्री अकरानंतर मावळतो आणि पूर्ण अंधार पडतच नाही. त्यासाठी सप्टेंबर ते मार्च यायला हवं, आणि तेव्हा वर सांगितलेला वारा-बर्फाचा हिशेब पूर्ण बदलतो. खोलीला जाड पडदे आहेत का ते बघा, नाहीतर डोळ्यांवर बांधायच्या पट्ट्या न्या. बदल्यात मे महिन्यात पफिन पक्षी दिसतात.

ज्वालामुखीबद्दल: रेक्यानेस द्वीपकल्पावर २०२१ पासून अधूनमधून उद्रेक होतायत, आणि १० नोव्हेंबर २०२३ ला ग्रिंदाविक गाव रातोरात रिकामं केलं होतं. विमानतळ त्याच द्वीपकल्पावर असला तरी हे भेगेतून वाहणारे उद्रेक आहेत. २०१० मध्ये एयाफ्यात्लायोकुलने बर्फाखालून राख उडवून युरोपची विमानं जमिनीवर बसवली, तसा प्रकार यांत झाला नाही. तुमच्या आठवड्यात काही चालू असेल तर अधिकृत पार्किंग आणि आखलेल्या वाटेनेच जा, आणि त्या दिवशी वायूचा इशारा असेल तर मुलाला आणि सासूबाईंना नेऊ नका. त्यावर विसंबून मात्र काही बुक करू नका.

गुडघ्याचं म्हणाल तर स्कोगाफॉस खालून सपाट चालत जाऊन दिसतो, वर जाणाऱ्या पाचशेहून जास्त पायऱ्या तुम्ही दोघं आळीपाळीने चढा. सेल्यालांड्सफॉसच्या मागून जाणारी वाट ओली आणि निसरडी असते, सासूबाईंना ती नको. थिंगवेल्लिरला वरच्या पार्किंगला थांबा. तिथून दोन भूखंडांच्या प्लेट वर्षाला दोनेक सेंटिमीटर दूर जातायत ती दरी कठड्यावरूनच दिसते. गेइसिरजवळचा स्त्रोकुर हा गरम पाण्याचा फवारा दर सहा ते दहा मिनिटांनी उडतो, बसायला बाकही आहेत.

जेवणाचं फार लिहीत नाही. बाहेर खाणं महाग आहे, म्हणून किचन असलेल्या खोल्या घ्या. बोनुस या सुपरमार्केटमधून तांदूळ आणि भाज्या, घरून मेतकूट आणि मसाला. नळाचं थंड पाणी सरळ प्यायचं. गरम पाण्याला अंड्यासारखा वास येतो, तो गंधकाचा.

कागदपत्रं: शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मेच्या गर्दीत मुंबईत अपॉइंटमेंटच मिळत नाही, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत हलवा. प्रवास विमा किमान ३० हजार युरोचा लागतो. आपलं लायसन्स इंग्रजीत आहे, तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तो वर्षभर चालतो, आणि गाडीच्या काउंटरवर वाद घालायला कुणालाच नको असतं. क्रेडिट कार्ड ड्रायव्हरच्याच नावाचं आणि पिन ठाऊक असलेलं हवं. बरेचसे पेट्रोल पंप माणसाविना चालतात आणि पिन मागतात. विक आणि त्यापुढच्या क्लोइस्टुर गावात टाकी भरत जा.

या सगळ्यात सर्वांत आधी बुक करायची गोष्ट विमान नाही, योकुल्सार्लोनजवळच्या त्या दोन रात्री. विक ते पूर्वेकडच्या हॉफ्न गावादरम्यान खोल्या मोजक्या आहेत आणि मे उजाडेपर्यंत संपतात. फुकट रद्द होणाऱ्या खोल्या आजच धरून ठेवा, बाकीचे मुक्काम नंतर हलवता येतात. विमानाच्या उतरण्याच्या आणि परतीच्या वेळा कळल्या की इथेच लिहा. तुम्ही रात्री उशिरा उतरणार असाल तर पहिली रात्र रेक्याविकऐवजी केफ्लाविकलाच टाकावी लागेल.